पाठमोरी उभी राहिलेली माणसे

वारी करून आलेल्या माणसाकडून एक वाक्य हमखास अपेक्षिले जाते, ते म्हणजे तिथे गेल्यावर माणसाच्या चांगुलपणावर विश्वास बसतो. मी आत्याच्या दिंडीतून आळंदीहून पंढरपूरपर्यंत चालत गेले, तरी हे वाक्य मला तसेच्या तसे म्हणता येत नाही. आणि 'सगळे ढोंग असते' हे दुसरे वाक्य, जे वारीला कधीही न गेलेली शिकलेली माणसे फार सहज उच्चारतात, तेही म्हणता येत नाही. मी ऑटिस्टिक आहे. त्याचे निदान तिशीनंतर झाले, त्यामुळे त्याआधीची सगळी वर्षे 'ही मुलगी शिष्ट आहे' एवढ्या एका शेऱ्यावर निघाली. समोरच्याच्या चेहऱ्यावरून, आवाजाच्या चढउतारावरून त्याच्या मनात काय चालले आहे हे ओळखणे मला जमत नाही, म्हणून माणूस मुळात चांगला की वाईट या प्रश्नाकडे मला जरा वेगळ्या बाजूने जावे लागते. आतले मला दिसत नाही. हाताने काय केले ते दिसते.

बाकीच्यांना आतले दिसते असे मी बरीच वर्षे धरून चालले होते. नोकरीच्या एका ठिकाणी माझ्याविषयी तक्रार झाली होती की मी बोलताना नजर टाळते, म्हणजे काहीतरी लपवते. हिशेब माझ्याकडे असल्यामुळे त्या तक्रारीला वजन आले. हिशेबात काही निघाले नाही, पण संशय काही गेला नाही. पुढे माझ्यासारख्यांविषयी वाचू लागले तेव्हा 2017 सालचा एक अमेरिकी अभ्यास हाती लागला. नोआ सॅसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑटिस्टिक व इतर माणसांच्या बोलण्याचे काही सेकंदांचे तुकडे लोकांना दाखवले, तेव्हा ऑटिस्टिक माणसांविषयी लोकांचे मत चटकन प्रतिकूल झाले. पण तेच बोलणे फक्त लिहिलेले वाचायला दिले तेव्हा तो फरक उरला नाही. म्हणजे खटकत होते ते बोललेले नव्हे, बोलण्याची ढब. त्याआधी 2012 मध्ये डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या ब्रिटिश अभ्यासकाने मांडले होते की न समजणे एका बाजूचे नसते. आम्हाला तुम्ही कळत नाही तसे तुम्हालाही आम्ही कळत नाही, फक्त तुमची संख्या मोठी असल्यामुळे दोष आमच्या नावावर लागतो. हे डोक्यात घेऊन मी लाखोंच्या गर्दीत चालायला निघाले, याचे आत्याशिवाय घरातल्या सगळ्यांना नवल वाटले.

आत्या मात्र म्हणाली होती, "अगं, तुला जमेल. तिथं सगळं ठरलेलं असतं." तिचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले. निघण्याआधी कर्णा तीनदा वाजतो. पहिल्याला आवरायचे, दुसऱ्याला रांगेत उभे राहायचे, तिसऱ्याला चालू पडायचे. दिंड्यांना क्रमांक आहेत, रथाच्या पुढे कोण आणि मागे कोण हे ठरलेले आहे, दिंडीच्या आतही पताका, टाळकरी, मृदंग, वीणा, आणि तुळस व हंडा डोक्यावर घेतलेल्या बायका यांच्या जागा ठरलेल्या आहेत. सकाळचे अभंग वेगळे, दुपारचे वेगळे, वाराप्रमाणे बदलणारे वेगळे. वीणा जमिनीवर टेकवायची नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जायची. अनोळखी माणसाला काय म्हणून हाक मारावी, हा माझा जन्माचा प्रश्न तिथे एका शब्दात सुटतो, कारण सगळेच माउली. शिवाय रांगेत चालताना सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला असतात. शेजारची बाई पुढे पाहत बोलते, मी पुढे पाहत उत्तर देते, आणि नजर टाळल्याचा ठपका येत नाही. दिवेघाट चढताना एका निवृत्त शिक्षिकेशी मी इतके बोलले, तेवढे एखाद्या खोलीत समोरासमोर बसून कुणाशी बोलल्याचे आठवत नाही.

संध्याकाळची समाजआरती मला सगळ्यांत आवडली. तळावर दिंड्या पालखीभोवती गोल उभ्या राहतात, हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात, आणि माझ्या कानांना ते सोसवत नसते. मग सोहळ्याची शिस्त राखणारे चोपदार हातातली काठी, म्हणजे चोप, उंच करतात आणि सगळा तळ क्षणात गप्प होतो. हरवले-सापडलेले पुकारले जाते, दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ सांगितली जाते. ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ थांबवत नाही. वाजतच राहते, म्हणजे चोपदारांना तिच्याकडे जावेच लागते. कोण नाराज आहे हे चेहऱ्यावरून ओळखण्याची गरज नाही, नाराजीचा आवाज ठरवून ठेवलेला आहे. घराघरांत अशी सोय असती तर माझी निम्मी नाती टिकली असती.

पण नीट लावलेल्या या व्यवस्थेच्या फटींतही माणसे असतातच. सकाळी पाण्याच्या टँकरपाशी जी ढकलाढकली होते तिच्यात माउली वगैरे कुणी नसते. तिथे मला कोपराने बाजूला सारून आपली बादली भरून नेणारी बाई दुपारी विसाव्याला एका म्हातारीचे पाय चेपत बसलेली मी पाहिली. कोणती बाई खरी, असा प्रश्न मला पडला नाही. कोपर मारले हेही झाले आणि पाय चेपले हेही झाले. टँकरला रांग लावण्याची पद्धत त्या तळावर नव्हती. पाय चेपण्याची पद्धत वारीत फार जुनी आहे.

लोणंदच्या मुक्कामी एका तरुणाने आमच्या राहुटीतल्या बायकांचे पाच-सहा फोन आणि पॉवर बँका चार्ज करून आणून देतो म्हणून नेले. बोलायला गोड होता, प्रत्येकीला 'आजी', 'मावशी' म्हणत होता. तो परत आला नाही. रात्री ज्या-त्या बाईने सांगितले की त्याच्या तोंडावरूनच आपल्याला शंका आली होती. आत्याही म्हणाली. मी म्हटले, "आत्या, फोन तर तुझाही गेला." ती गप्प झाली, आणि मग हसू लागली. चेहरे वाचण्याची जी विद्या माझ्याजवळ नाही म्हणून मला लहानपणापासून हिणवले गेले, ती त्या राहुटीत सगळ्यांजवळ होती आणि फोन एकीचाही वाचला नव्हता.

याउलट बरडला एका घरमालकाने बादलीभर गरम पाण्याचे वीस रुपये घेतले. पाणी कढत होते, न्हाणीघराला कडी होती, बाहेर त्याची आई रांग सांभाळत होती. आत्याला ते फार लागले. वारकऱ्याकडून पैसे घेतात म्हणजे काय काळ आला, असे तिचे म्हणणे. मला त्या माणसात काहीही वाईट दिसले नाही. सांगितले तेवढे घेतले, कबूल केले तेवढे दिले. फुकट जेवण वाढून वर फोटोसाठी हात जोडून उभे राहायला लावणाऱ्या मंडळींपेक्षा मला तो बरा वाटला, आणि हे मत आत्यापाशी मांडल्यावर ती फलटणचा विषय काढून भलतीकडे वळली.

आता जेजुरीविषयी, कारण या सगळ्याचा गाभा माझ्यापुरता तिथे आहे. पालखी जेजुरीत शिरते तेव्हा तिच्यावर भंडारा उधळतात. हवा पिवळी होते, श्वासातून हळद जाते, ढोल, टाळ आणि येळकोटाचा घोष एकमेकांत मिसळतात. मी रस्त्याच्या कडेला खाली बसले, कानांवर हात दाबले आणि पुढे-मागे झुलू लागले. माझे असे होते. आवाज आणि स्पर्श एका मर्यादेपलीकडे गेले की बोलता येत नाही, आणि झुलण्याने ते हळूहळू उतरते. बाकी काही करावे लागत नाही, फक्त कुणी हात लावू नये. पण हे तिथे कुणाला ठाऊक? एकीने पाणी तोंडावर मारले. दुसऱ्या कुणीतरी कांदा फोडून नाकाशी धरला. कुणी पाठीवरून जोरजोराने हात फिरवू लागले. आणि खंडोबाचे गाव असल्यामुळे एक आजोबा ठामपणे म्हणाले, "अंगात आलंय, अंगात आलंय!" त्याबरोबर दोन-तीन बायका माझ्या पायांवर डोके ठेवू लागल्या, एकीने कपाळाला भंडारा फासला. ज्या झुलण्यावरून एका कार्यालयात मला वेडी ठरवले गेले, त्यावरून जेजुरीत माझी देवी झाली. दोन्हीकडे माझे आतले कुणालाच कळले नव्हते. यांतले एकही माणूस वाईट हेतूने आले नव्हते याची मला खात्री आहे, आणि त्या दिवशी मला सर्वांत जास्त त्रास यांच्याच हातांनी झाला, याचीही.

आत्या गर्दी सारून पोहोचली आणि एवढेच म्हणाली, "तिला हात लावू नका, तिला आडोसा द्या." आडोसा म्हणताच चित्र बदलले. वारीत बायकांना उघड्यावर अंघोळ करावी लागते, कुणाला आडबाजूला जावे लागते, तेव्हा चौघी लुगडे धरून पाठमोऱ्या उभ्या राहतात. आत काय चालले आहे हे विचारायचे नाही, वळून पाहायचे नाही, आतली 'झाले' म्हणेपर्यंत हलायचे नाही, हे तिथल्या प्रत्येक बाईला शिकवावे न लागता येते. दोन लुगडी सोडली गेली, चार बाया माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. कांदा धरणारीही त्यांच्यात होती. तिचा माझ्याविषयीचा समज मधल्या मिनिटभरात पालटला असे मला वाटत नाही. माझ्या अंगात देवी आली आहे असे तिला बहुधा शेवटपर्यंत वाटत होते. पण आता काय करायचे हे तिला माहीत झाले होते. मी बऱ्याच वेळाने 'झाले' म्हटले, तेव्हा त्यांनी लुगड्यांच्या घड्या घातल्या आणि आम्ही चालू लागलो. कुणी काही विचारले नाही.

तेव्हापासून मला असे वाटते की बहुतेक माणसे आतून फार चांगली नसतात आणि फार वाईटही नसतात. पुढ्यात जी रीत असते तिच्याप्रमाणे ती वागतात, आणि रीत नसेल तेथे अंदाजाने वागतात. अंदाज बहुतेक वेळा स्वतःवरून बांधलेला असतो, म्हणून माझ्यासारखीच्या बाबतीत तो चुकतो. वारीतला चांगुलपणा शिस्तीतून येतो असे म्हटले की भाविकांना तो कमी केल्यासारखा वाटतो. मला तसे वाटत नाही. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला आजची शिस्त दिली, तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी ती उन्हापावसात पाळली आहे. एखाद्याच्या हृदयात क्षणभर दया दाटून आली यापेक्षा मला यात अधिक काही दिसते.

मात्र ही गोष्ट दुसऱ्या बाजूनेही कापते, आणि पंढरपुरात ती टाळता येत नाही. पदस्पर्शाच्या दर्शनाची रांग माझ्या आवाक्यातली नव्हती, म्हणून कळसाला हात जोडून आम्ही नामदेव पायरीपाशी आलो. तिच्या समोर चोखोबांची समाधी आहे, देवळाच्या बाहेर. ज्यांच्या अभंगांवर लोक शतकानुशतके टाळ वाजवत आले त्या चोखोबांच्या जातीला आत पाऊल टाकण्याची बंदी होती, आणि 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले तेव्हा कुठे मंदिर दलितांना खुले झाले. त्याआधी दरवर्षी तिथे एकमेकांच्या पाया पडणारी जी माणसे आली, ती काय सगळी दुष्ट होती? त्यांचे चेहरे आत्याच्या चेहऱ्यासारखेच असणार. तीही रीतच पाळत होती, तितक्याच निष्ठेने. म्हणून 'रीत असली की माणसे चांगली वागतात' एवढ्यावर मला थांबता येत नाही; कोणती रीत आहे आणि ती कुणाला बाहेर ठेवते, हे दर वेळी पाहावेच लागते. मी समाधीपाशी हे आत्याला सांगितले. ती म्हणाली, "तेव्हाही काहींना खुपत असेल गं." असेल. पण ज्यांना खुपत होते आणि जी गप्प राहिली, त्यांचे खुपणे चोखोबांच्या माणसांपर्यंत पोहोचले नाही.

परत आल्यावर श्रावणात दिंडीची हिशेबाची बैठक झाली. भिशीचे, म्हणजे वारीतल्या जेवणखर्चाच्या वर्गणीचे, आणि देणग्यांचे कागद तपासायला दिंडीच्या बुवांनी मला बोलावले होते. काम संपल्यावर मी तीन विनंत्या मांडल्या. दुपारच्या विसाव्याला राहुटीचा एक कोपरा पडदा लावून मोकळा ठेवावा, ज्याला आवाज सोसत नाही त्याने तिथे बसावे, ही पहिली तात्काळ मान्य झाली, कारण गुडघेदुखीवाल्यांनाही ती हवी होती. न विचारता कुणाच्या पायांना हात लावू नये, या दुसरीवर बराच वाद झाला. पाया पडणे वारीत कसे अडवणार, असे दोघातिघांनी विचारले, आणि त्यांचे चूक नव्हते. शेवटी बुवांनी तोडगा काढला की आधी उभ्यानेच हात जोडायचे, समोरची माउली वाकली तर आपण वाकायचे, नाहीतर तेवढ्यावर नमस्कार पुरा झाला असे समजायचे. ते वहीत लिहिले गेले. तिसरी विनंती कीर्तनाचा भोंगा राहुटीच्या तोंडापासून लांब बांधण्याची होती. भोंगा ज्यांनी देणगी म्हणून दिला आहे ते गृहस्थ त्या दिवशी आले नव्हते, आणि त्यांच्या मागे तो हलवणे बरे दिसणार नाही असे ठरल्यामुळे हा विषय पुढच्या बैठकीवर गेला आहे.