गाल लाल आणि तो लाइटचा फटका

"उन्हातून आलीस का गं?" हे मला गेली चार वर्षं कोणीतरी विचारतंच, अगदी एसी ऑफिसमधेसुद्धा. आधी वाटलं पिंपल्स, मग मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब लावली, त्यात स्टेरॉइड होतं हे नंतर कळलं आणि तोवर चेहरा अजूनच भडकलेला. शेवटी स्किनच्या डॉक्टर म्हणाल्या, रोझेशिया आहे, म्हणजे चेहरा लाल होऊन तापतो, बारीक नसा दिसतात, पुरळ येतं असा त्वचेचा त्रास; गव्हाळ-सावळ्या रंगावर लाली पटकन दिसत नाही म्हणून निदान राहून जातं.

मग आयपीएल, क्रिकेटवालं नव्हे, इंटेन्स पल्स्ड लाइट, म्हणजे त्वचेवर प्रकाशाचे जोरदार झटके देण्याचा उपचार. हे लेझर नव्हे बरं का, लेझरमधे एकाच वेव्हलेंग्थचा, म्हणजे एकाच रंगाचा प्रकाश असतो, आणि यात साधारण 500 ते 1200 नॅनोमीटरचा अख्खा पट्टा, नको तो भाग फिल्टरने गाळून. रक्तातलं हिमोग्लोबिन तो प्रकाश शोषतं, तापतं आणि फुगलेली बारीक नस बंद पडते. पण आपल्या कातडीला रंग देणारं मेलॅनिनपण तोच प्रकाश खातं, म्हणजे भाजायची, काळे डाग पडायची भीती, म्हणून आधी कानाजवळ टेस्ट स्पॉट, पॉवर कमी.

डोळ्यांवर गॉगल, गालाला गार जेल आणि फट्! रबरबँड ताणून सोडल्यासारखं. नाकाच्या कडेला तर डोळ्यातून पाणीच आलं.

चार-चार आठवड्यांनी तीन सिटिंग झाल्या. नाकाजवळच्या लाल रेषा जवळजवळ गेल्या, चेहरा तापणं कमी झालं, थांबलं नाही. पुरळाचं क्रीम चालूच आहे. सनस्क्रीन रोज, आणि गरम प्यायलं की गाल भडकतात म्हणून चहा कोमट. कोमट चहा, बोला आता!