३७ अक्षरांची जागा

कोडेक्स झाकिन्थियस हे हस्तलिखित केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. वरवर पाहिलं तर ते बाराव्या शतकातलं ग्रीक पाठपुस्तक. चर्चच्या वर्षात कुठल्या दिवशी शुभवर्तमानातला कुठला उतारा वाचायचा, त्या क्रमाने लिहिलेलं. पण ज्या चामड्याच्या पानांवर ते लिहिलं, ती पानं कोरी नव्हती. एक जुनं पुस्तक उसवून, त्याची शाई खरवडून काढून, पानं आडवी धरून मधोमध दुमडली गेली आणि त्यावर नवा मजकूर चढला. खालचं पुस्तक होतं लूकचं शुभवर्तमान, साधारण इ.स. ७०० च्या सुमाराचं. पानाच्या आतल्या बाजूला लूकचा मजकूर आणि त्याला वरून, खालून आणि बाहेरच्या बाजूने वेढणारी, अगदी बारीक अक्षरातली जुन्या धर्माचार्यांची भाष्यं. अशा भाष्यांच्या साखळीला 'कातेना' म्हणतात. नव्या कराराची जी कातेना हस्तलिखितं आज हाती आहेत, त्यांत हे सर्वांत जुनं. लूकच्या अकराव्या अध्यायापर्यंतची ८६ पूर्ण पानं आणि ३ अर्धी पानं, तीही मधूनमधून तुटलेली, एवढंच त्यातलं उरलं आहे.

मी इंग्लंडमध्ये अशाच कातेना हस्तलिखितांच्या लिप्यंतरणाचं काम करते. ग्रीक शिकले पुण्यात, मूळची नगरची. दिवसभर पडद्यावर पानाचं चित्र, शेजारी टंकलिखित मजकूर, आणि अक्षर अन् अक्षर जुळवत जायचं. ज्या दिवसाबद्दल लिहिते आहे, त्या दिवशी माझ्यासमोर लूकच्या चौथ्या अध्यायाचं अठरावं वचन होतं.

प्रसंग ओळखीचा आहे. येशू आपल्या गावी, नासरेथला येतो, शब्बाथाला सभास्थानात उभा राहतो, त्याच्या हाती यशया संदेष्ट्याचं पुस्तक दिलं जातं आणि तो वाचू लागतो: प्रभूचा आत्मा माझ्यावर आला आहे, गरिबांना सुवार्ता सांगायला त्याने मला पाठवलं आहे. इथून पुढे हस्तलिखितांच्या दोन वाटा होतात. मध्ययुगातली बहुसंख्य ग्रीक हस्तलिखितं इथे म्हणतात, 'भग्नहृदयी लोकांना बरं करायला'. इंग्रजी किंग जेम्स बायबलमध्येही ते शब्द आहेत. कोडेक्स सिनायटिकस, व्हॅटिकानस अशा जुन्या हस्तलिखितांत मात्र ते नाहीत. तिथे 'पाठवलं आहे' नंतर थेट 'बंदिवानांना सुटकेची घोषणा करायला' येतं. झाकिन्थियस या दुसऱ्या गटातलं आहे, हे छापील ग्रंथांत नोंदलेलं आहेच. पण आमच्याकडे शिस्त अशी, की टीपेत एखाद्या हस्तलिखिताच्या नावापुढे 'नाही' लिहायचं तर कुणाच्या पुस्तकावर विसंबून लिहायचं नाही. पान स्वतः पाहायचं.

साध्या हस्तलिखितात हे दोन मिनिटांचं काम आहे. खरवडलेल्या पानावर मात्र 'नाही' या शब्दाचेच दोन अर्थ होतात. शब्द लिहिलेच नव्हते, की लिहिले होते आणि खरवडणाऱ्याच्या हाताखाली पार गेले? दोन्हीकडे डोळ्यांना दिसतं ते सारखंच. आणि टीपेत या दोन गोष्टी एकच म्हणून गेल्या, तर ते हस्तलिखित जे बोललंच नाही ते त्याच्या तोंडी घातल्यासारखं होतं. माझ्या मते या कामातली सगळ्यात मोठी जबाबदारी हीच आहे.

या पानांची बहुवर्णपटीय छायाचित्रं २०१८ मध्ये काढली गेली. म्हणजे तेच पान अतिनील किरणांपासून अवरक्त किरणांपर्यंत वेगवेगळ्या प्रकाशांत टिपायचं. अतिनील प्रकाशात चामडं स्वतःच उजळतं आणि जिथे जुनी शाई मुरली होती ती जागा काळी राहते; अवरक्तात जुनी शाई जवळजवळ नाहीशी होते आणि वरची तेवढी उरते. मग संगणकावर या सगळ्या चित्रांची बेरीज-वजाबाकी करून खालचं अक्षर वेगळ्या रंगात वर आणतात. हे ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात चित्र पडद्यावर आणलं की आधी वरचं पाठपुस्तकच दिसतं, घाईघाईने, हात न उचलता लिहिलेलं, एकमेकांत गुंतलेल्या अक्षरांचं. चित्र काटकोनात फिरवलं की त्या गुंत्यामागे उभी, सुटी, मोठी अक्षरं हळूहळू लागायला लागतात. ज्यांनी मोडी आणि बाळबोध एकाच कागदावर पाहिलं आहे, त्यांना हा फरक चटकन कळेल. त्यात पान दुमडलेलं असल्यामुळे खालचं एक पान वरच्या दोन पानांवर विभागलेलं, आणि मधे शिवणीची खाच.

'अपेस्तालकेन मे', म्हणजे 'त्याने मला पाठवलं आहे', हे शब्द सापडले. पुढे धूसर. वरच्या लेखनिकाची एक जाड रेघ नेमकी तिथून गेलेली. मग मी मोजायला घेतलं. ग्रीकमध्ये 'इआसास्थाइ तूस सुन्तेत्रिम्मेनूस तेन कार्दियान' हा सगळा तुकडा ३७ अक्षरांचा आहे. त्या काळी शब्दांमध्ये जागा सोडत नसत आणि ही मोठी अक्षरं जवळपास सारख्याच रुंदीची असतात. त्यामुळे शेजारच्या ओळींतली वाचता येणारी अक्षरं मोजली, की एका ओळीत साधारण किती बसतात ते कळतं. ३७ अक्षरं म्हणजे ओळीच्या कोपऱ्यात लपून राहील एवढी छोटी गोष्ट नव्हे. ती असती, तर पुढचा सगळा मजकूर खाली सरकला असता.

एकेका प्रकाशातलं चित्र घेऊन मी त्या रेघेच्या आजूबाजूला पाहत राहिले. एकात काही नाही. दुसऱ्यात एक उभा दांडा. त्यानंतरच्या चित्रात त्याच दांड्याला दोन तिरके हात फुटलेले दिसले. कप्पा! 'केरुक्साइ'चं पहिलं अक्षर, म्हणजे 'घोषणा करायला'. 'मे'ला चिकटून. मधे ३७ काय, एका अक्षराचीही जागा नव्हती. अंगावर काटा आला. बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी कुणीतरी 'मे' लिहून टाक न थांबवता 'केरुक्साइ' लिहिलं होतं, पुढे कुणीतरी ते खरवडलं, आणि तरी तो न थांबलेला हात अजून दिसत होता.

शेजारच्या टेबलावर आमच्या गटातल्या एक ज्येष्ठ ग्रीक बाई बसतात. त्यांना बोलावलं. त्यांनी न सांगताच ओळ म्हणायला सुरुवात केली, तोंडपाठ, लहानपणापासून चर्चमध्ये ऐकलेल्या चालीत. आणि त्या चालीत 'भग्नहृदयी' आलेच. मग पडद्याकडे पाहून थांबल्या. म्हणाल्या, "आमच्याकडे हा उतारा एक सप्टेंबरला वाचतात. चर्चचं नवं वर्ष त्या दिवशी सुरू होतं. हे शब्द नसलेली ओळ मी कधी ऐकलेलीच नाही." त्यांनीही स्वतंत्रपणे मोजून पाहिलं, मगच नोंदीवर दुसरी सही केली.

संध्याकाळी पप्पांना फोन केला. ते नगरला असतात, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले. त्यांनी विचारलं, "म्हणजे ते शब्द खोटे का ग?"

"नाही पप्पा. यशयाच्या एकसष्टाव्या अध्यायात ते आहेतच. लूकने उतारा देताना ते दिलेले दिसत नाहीत. पुढे नकला करणाऱ्यांना यशया पाठ होता, त्यांच्या हातून ओळ पुरी झाली."

मला हेच पटतं. एवढे दिलासा देणारे शब्द कुणी मुद्दाम गाळेल, याला कारण दिसत नाही. ओळखीची ओळ अपुरी वाटून कुणी पुरी करेल, हे माणसाच्या स्वभावाला धरून आहे. नक्कल करणाऱ्याने ते प्रेमानेच केलं असणार.

मग पप्पांनी त्यांच्या विषयाचा प्रश्न विचारला. हे पुस्तक इंग्लंडला आलं कसं? मी सांगितलं, ग्रीसमधल्या झाकिन्थोस बेटावरच्या अंतोनिओस कोमुतो नावाच्या सरदाराने १८२० मध्ये जनरल कॉलिन मेकॉलेला भेट दिलं, पुस्तकात तशी नोंद आहे. मेकॉलेने ते बायबल सोसायटीला दिलं. पुढे २०१४ मध्ये केंब्रिजने ११ लाख पौंडांना विकत घेतलं.

"मेकॉले? आपला शिक्षणवाला?"

"त्याचे काका."

पलीकडे पुस्तकं काढल्याचा आवाज आला. कॉलिन मेकॉले त्रावणकोरचा ब्रिटिश रेसिडेंट होता. १८०८ च्या अखेरीस तिथला दिवाण वेलू थंपी याच्या उठावात कोचीतल्या त्याच्या घरावर हल्ला झाला आणि तो निसटला, हे पप्पांना ठाऊक होतं. मी त्यात माझ्याकडची भर घातली. केरळातल्या सुरियानी ख्रिश्चनांशी त्याचा जवळून संबंध आला होता. त्यांच्यातल्याच फिलिपोस रम्बान यांनी केलेलं शुभवर्तमानांचं मल्याळम भाषांतर १८११ मध्ये छापलं गेलं ते मुंबईत, कुरिअर छापखान्यात. आणि झाकिन्थियसच्या भाष्यांत एक नाव वारंवार येतं, सहाव्या शतकातला धर्माचार्य, अंत्युखियाचा सेवेरस याचं. सम्राट जस्टिनियनने ५३६ मध्ये त्याचे ग्रंथ जाळायचा हुकूम काढला. ग्रीकमधलं त्याचं लेखन आज बरंचसं अशा कातेनांतल्या तुकड्यांतूनच मिळतं. बाकीचं वाचलं ते सुरियानी भाषांतरांत. त्याच सेवेरसचं नाव केरळातल्या सुरियानी ऑर्थोडॉक्स उपासनेत आजही आदराने घेतलं जातं. मेकॉलेच्या हातात जे पुस्तक पडलं, त्याच्या खरवडलेल्या थरात त्रावणकोरातल्या त्याच्या ओळखीच्या माणसांचा संत होता. १८२० मध्ये हे त्याला कळायला काही मार्ग नव्हता. भाष्याचं लिप्यंतरण पूर्ण छापून आलं ते थेट २०२० मध्ये. सॅम्युएल ट्रेगेलिस या इंग्रज अभ्यासकाने १८६१ मध्ये छापला होता तो फक्त लूकचा मजकूर, तोही नुसत्या डोळ्यांनी, सूर्यप्रकाशात पानं धरून वाचलेला. त्या माणसाच्या चिकाटीला मी रोज मनातल्या मनात नमस्कार करते.

पप्पांना नासरेथच्या प्रसंगाचं पुढचं पान हवं होतं. पण ते नाहीच. येशू पुस्तक बंद करून खाली बसतो आणि सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे लागतात, त्या विसाव्या वचनाशी या हस्तलिखितातला मजकूर तुटतो आणि पुन्हा सापडतो तो एकदम बत्तिसाव्या वचनाशी, कफर्णहूमात. 'आज हा लेख तुमच्या ऐकण्यात पूर्ण झाला आहे' हे वाक्य असलेलं पान हरवलं आहे. ते दुसऱ्या कुठल्या पुस्तकाच्या बांधणीत गेलं असेल, तर एखाद्या ग्रंथपालाच्या हाती कधीतरी लागेलही. पाठपुस्तकांच्या पुठ्ठ्यांतून अशी पानं याआधी निघालेली आहेत.

दुसऱ्या दिवशी टीप गेली. अठराव्या वचनापुढे मी 'दिसत नाही' असं लिहिलं नाही. 'लिहिलेलं नाही' असं लिहिलं, आणि त्याखाली मोजणी जोडली.