पंप ओला होता, पण गळत नव्हता

इंजिनाबद्दल तशी काही तक्रार नव्हती. एका दमात चालू व्हायचं, धूर नाही, चालताना अडखळणं नाही. पण केबिनची फळी सरकवली की डिझेलचा भपकारा यायचा आणि बिल्जमधल्या, म्हणजे बोटीच्या तळाशी साचलेल्या, पाण्यावर रंगीत तवंग दिसायचा. आमची बोट २६ फुटी, फायबरची, बरीच जुनी. एका मित्राबरोबर भागीदारीत घेतलेली, गेटवेसमोर बोयाला बांधलेली असते. शिडाच्या बोटीला इंजिन कशाला, असं येणारे पाहुणे विचारतात. मांडव्याहून परतताना वारा पडला आणि ओहोटी समोरून आली की पुन्हा विचारत नाहीत. इंजिन एका सिलिंडरचं, जपानी बनावटीचं, नऊएक हॉर्सपॉवरचं.

सगळ्यात आधी बिल्जचा ऑटोमॅटिक पंप बंद केला. पाणी वाढलं की तो आपोआप सुरू होतो आणि डिझेलसकट सगळं बंदरात ओततो. वरचा तवंग तेल शोषणाऱ्या पॅडने टिपला, उरलेलं जुन्या सुती धोतराच्या चिंध्यांनी. कुणीतरी लहान मुलांचे डायपर वापरायला सांगितलं होतं, पण त्यातली पावडर पाणी पिते, तेल नाही. बिल्ज कोरडं झाल्यावरच पंप पुन्हा चालू ठेवला.

‘डिझेल काय पेटत नाही, पेट्रोल थोडंच आहे,’ हे वाक्य बंदरात फार ऐकू येतं. समुद्री जहाजांच्या इंधनाचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते, ६० अंशांच्या वर असावा लागतो. आपण पंपावरून कॅनमध्ये भरून आणतो त्या साध्या डिझेलला भारतीय मानकात किमान मर्यादा फक्त ३५ अंशांची आहे. मे महिन्यात, बंद इंजिनखणात, गरम एक्झॉस्टशेजारी हा आकडा आठवला की वास सहन करावासा वाटत नाही.

भाऊच्या धक्क्यावरच्या बोटींची इंजिनं बघणारे एक मिस्त्री आले. त्यांनी टाकीतलं डिझेल इंजिनाकडे ढकलणाऱ्या फीड पंपाखाली हात घातला, बोटं ओली निघाली. “पंप गेला साहेब. डायफ्रॅम फाटला. नवा टाकून घ्या.” शंका अगदीच पोकळ नव्हती. या पंपाचा रबरी डायफ्रॅम फाटला की डिझेल बाहेर तरी येतं किंवा सरळ इंजिन ऑइलमध्ये उतरतं. म्हणून डिपस्टिक काढून पाहिली. ऑइल वाढलेलं नव्हतं, पातळ झालेलं नव्हतं, त्याला डिझेलचा वासही नव्हता. मिस्त्रींना म्हटलं, थोडं थांबू या. ते हसले आणि चहा पिऊन गेले.

पावसाळ्यात हॉलमधल्या पंख्याशेजारी स्लॅब ठिबकतो, पण भेग असते गच्चीच्या दुसऱ्याच कोपऱ्यात. पातळ डिझेलचं तसंच आहे. ते पाइपाच्या खालच्या बाजूला चिकटून वाहत जातं आणि सगळ्यात खालच्या वळणावर थेंब धरतं. त्यामुळे ओलं कुठे आहे यापेक्षा ओलं कधी होतं, हे पाहायचं ठरवलं.

ब्रश आणि डिग्रीझरने इंजिन धुतलं, फडक्याने पुसून कोरडं केलं. मग टाकीपासून सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोजलपर्यंत प्रत्येक जोडाला पांढऱ्या टिश्यूची पट्टी गुंडाळून दोऱ्याने बांधली: कॉक, पाणी वेगळं करणारा फिल्टर, फीड पंप, इंजिनावरचा बारीक फिल्टर, इंजेक्शन पंप, नोजल, रिटर्न लाइन. कागदावर डिझेलचा डाग लगेच दिसतो, टॉर्चच्या उजेडात चकाकणाऱ्या लोखंडावर दिसत नाही.

आमची टाकी कॉकपिटच्या बाकाखाली, इंजिनापेक्षा वर. ती भरून, कॉक उघडा ठेवून रात्रभर बोट तशीच सोडली. वरून डिझेलचा दाब असताना खालचा एखादा जोड सैल असता तर सकाळी तिथला कागद भिजलेला मिळाला असता. सगळे कोरडे. मग फीड पंपाची हाताची कळ बराच वेळ मारली, म्हणजे बारीक फिल्टरपासून इंजेक्शन पंपापर्यंतच्या भागावर पंपाचा दाब आला. तरीही कोरडे. इथे पंपावरचा संशय जवळजवळ संपला. (टाकी इंजिनाच्या खाली असेल तर या रात्रभराच्या चाचणीचा उपयोग नाही. तिथे सैल जोडातून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते आणि इंजिन एअर पकडून बंद पडतं.)

उरला तो भाग इंजिन चालू असतानाच ओला होणारा: इंजेक्शन पंपापासून नोजलपर्यंतचा प्रेशर पाइप, नोजल आणि नोजलमधून जास्तीचं डिझेल परत नेणारी रिटर्न लाइन. इथे बोट लावून बघायचं नाही. नोजल दीडशेहून जास्त बारच्या दाबावर उघडतं. पाइपाला सुईएवढी चीर असली तरी त्यातून उडणारी धार कातडी भेदून आत जाते आणि मग गाठ सर्जनशी पडते. मी लांब पुठ्ठ्याचा तुकडा पाइपाजवळून फिरवला. धार नव्हती.

न्यूट्रलमध्ये काहीच दिसलं नाही. बोयाचा दोर दुहेरी करून इंजिन गिअरमध्ये टाकलं, फेरे वाढवले. एका सिलिंडरचं इंजिन मऊ माउंटवर बसलेलं, लोड आला की अख्खं थरथरतं. थोड्याच वेळात नोजलच्या डोक्यावरचा, रिटर्न लाइन नोजलला जोडणाऱ्या बँजो बोल्टचा कागद पिवळसर झाला. तिथून ओघळ प्रेशर पाइपावरून खाली, थेट फीड पंपाच्या अंगावर.

पाना लावून थोडं आवळलं, गळती कमी झाली, थांबली नाही. आणखी जोर लावला तर पोकळ बँजो बोल्ट तुटतो. तो उघडल्यावर दोन्ही बाजूंचे तांब्याचे वायसर मिळाले: चपटे, कडक, एकावर आडवा ओरखडा. एकदा दाबलेलं तांबं कडक होतं, पुन्हा वापरलं तर बसत नाही. अडचणीत गॅसवर लाल करून थंड केलं की ते मऊ पडतं, पण ओरखडा त्याने जात नाही. जुने वायसर खिशात टाकून नागदेवी स्ट्रीट गाठली. दुकानदाराने व्हर्नियर लावून त्याच मापाचे मूठभर काढून दिले. रिटर्नची रबरी नळी वाकवल्यावर बारीक भेगा दाखवत होती, तीही बदलली. फक्त रिटर्नच उघडल्यामुळे एअर काढायची कटकट वाचली.

पुढच्या रविवारी मांडव्यापर्यंत मुद्दाम इंजिनावर गेलो. नोजलवरचा कागद कोरडा राहिला. वास मात्र गाद्यांच्या फोममध्ये मुरला होता. फोम फेकून नवा घ्यावा लागला, आणि खर्च सगळ्यात जास्त त्याचाच झाला.