परत आलेले गेम

व्हिडिओ गेमच्या दुकानात नव्या मालाचा थाट निराळाच असतो. दारातला पुरुषभर उंचीचा पुठ्ठ्याचा नायक त्याचा, काचेवरचं पोस्टर त्याचं, दिवेही सगळे त्याच्याच अंगावर. वापरलेले गेम मात्र आत, खालच्या फळीवर, कंबरेत वाकल्याशिवाय नावं वाचता येणार नाहीत अशा बेताने लावलेले. मी आधी तिकडे जाते. पैसे वाचतात हे कारण आहेच, उगाच नाही कशाला म्हणा! पण त्याहून मोठं कारण म्हणजे, जाहिरातीची मात्रा चालत नाही असा दुकानातला तेवढाच एक कोपरा असतो.

नव्या गेमबद्दल बोलणारे पुष्कळ. कंपनी बोलते, ट्रेलर बोलतो, आगाऊ खेळायला मिळालेले परीक्षक बोलतात, आणि ज्यांनी अजून हातही लावलेला नाही ते सगळ्यांत जास्त बोलतात. खालच्या फळीवरचा प्रत्येक गेम मात्र कुणीतरी पदरचे पैसे घालून घेतलेला आणि नंतर 'नको' म्हणून आणून दिलेला असतो. महिन्यापूर्वी वाजतगाजत आलेल्या गेमच्या ओळीने प्रती तिथे उभ्या दिसल्या, की परीक्षण वाचायची गरज उरत नाही. उलट काही गेम तिथे येतच नाहीत. निन्टेन्डो या जपानी कंपनीचे गाजलेले गेम पाहा. वर्षानुवर्षं लोक ते सोडत नाहीत, आणि एखादा सापडलाच तर त्याची किंमत नव्याला खेटून असते. दुकानदार काही वेडा नसतो.

अर्थात ही फळी वाचायची म्हणजे थोडं तारतम्य लागतं. फुटबॉलचे गेम हा तिथला कायमचा मुक्कामी. ईए कंपनीची फिफा मालिका 1993 साली सुरू झाली आणि दरवर्षी नवा गेम काढत राहिली. 2023 मध्ये फिफाचं नाव गेलं, ईए स्पोर्ट्स एफसी आलं, पण दरवर्षीचा रिवाज तोच. सालाचा आकडा डबीवरच छापलेला, त्यामुळे गेम कितीही चांगला असला तरी नवा आला की जुन्याची रया जाते. जर्सी बदललेली, खेळाडू बदललेले, आव तोच, असे ते रांगेत उभे असतात. ते वाईट म्हणून परत आलेले नसतात, त्यांचं साल संपलेलं असतं एवढंच. आणखी एक वर्ग म्हणजे दोन सुट्ट्यांत संपणारे गोष्टीचे गेम. लोकांना ते मनापासून आवडलेले असतात, पण खुनी कोण हे कळल्यावर डिस्क घरात ठेवून करायचं काय? असे गेम भरपूर दिसले तर मी खूशच होते. तक्रारीशिवाय परत आलेला माल तो.

एकदा गेम ठरला की डिस्क बघायची. इथे पुष्कळ लोक चमकत्या बाजूकडे बघतात आणि समाधान मानतात. सीडीच्या काळातल्या गेमना हे चालत नाही. सीडी 1.2 मिलिमीटर जाड असते आणि माहितीचा थर असतो चित्राच्या बाजूला, वरच्या रंगाला लागून. म्हणजे खालून चरा पडला तर प्लास्टिकवर पडतो, वरून पडला तर थेट माहितीवरच. खालचा चरा यंत्रावर घासून काढता येतो, वरचा नाही. म्हणून डिस्क दिव्यासमोर धरायची आणि चित्राच्या बाजूने बारीक टिंबं उजेडासारखी लुकलुकतायत का ते बघायचं. लुकलुकली तर तिथला थर गेला. डीव्हीडीत तो थर दोन पातळ चकत्यांच्या मधे बंद असतो, त्यामुळे ती जरा सुरक्षित. आणि ब्ल्यू-रेमध्ये उलटाच प्रकार: थर खालच्या पृष्ठभागापासून जेमतेम 0.1 मिलिमीटरवर, पण त्या पृष्ठभागावर कठीण लेप. म्हणूनच सोनीच्या प्लेस्टेशन 3 पासूनच्या डिस्कवर सहसा ओरखडे दिसत नाहीत. पण दिसले, आणि खोल असले, तर घासून दुरुस्त होतील ही आशा सोडावी. घासायला तिथे प्लास्टिकच उरलेलं नसतं.

चऱ्यांतही जात असते. मध्यापासून कडेकडे गेलेला उभा चरा दिसायला भयंकर, पण बहुतेक वेळा निरुपद्रवी. माहितीची रेघ मध्याभोवती गोल गोल फिरत बाहेर जाते, त्यामुळे असा चरा प्रत्येक वेढ्याला फक्त ओलांडतो. एवढंसं नुकसान डिस्क स्वतःच भरून काढते. सीडीवर सलग सुमारे अडीच मिलिमीटर माहिती गेली तरी जोडीला लिहिलेल्या जादा माहितीतून ती पुन्हा उभी करता येते. गोल चरा मात्र त्या रेघेच्या बाजूने धावतो आणि लांबच्या लांब मजकूर पुसून टाकतो. डिस्क फिरत असताना कुणीतरी कन्सोल, म्हणजे गेम खेळायचं यंत्र, हलवलेला असतो, त्याची ही खूण. हे एकदा कळलं की आपण काउंटरवर सोनाराच्या थाटात डिस्क तिरकी धरून उभ्या राहतो आणि मागची रांग उसासे टाकायला लागते. टाकू द्यावेत.

कार्ट्रिज, म्हणजे कन्सोलमध्ये खोचायची गेमची प्लास्टिकची वडी, तिची परीक्षा वेगळी. तिथे पहिला शत्रू म्हणजे फुंकर. लहानपणी सगळ्यांनी मारलेली असते. तोंडातली वाफ कार्ट्रिजच्या धातूच्या दातांवर बसते आणि हळूहळू त्यांना गंज चढवते. निन्टेन्डोनेही फुंकू नका असंच सांगितलेलं आहे. गेम चालायचा तो फुंकरीमुळे नव्हे, काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे. कापसाच्या काडीवर थोडं अल्कोहोल घेऊन पुसलं की काडी काळी होते आणि गेम सुरू होतो.

दुसरा प्रश्न आतल्या बॅटरीचा. पुष्कळ जुन्या कार्ट्रिजमध्ये खेळ जपून ठेवायला, म्हणजे सेव्ह करायला, मनगटी घड्याळात असते तसली चपटी बॅटरी असते. 1999 च्या पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये तर खरंखुरं घड्याळ होतं. गेमबॉय हा निन्टेन्डोचा हातातला कन्सोल बंद असला तरी ते चालतच राहायचं, म्हणून त्या गेमची बॅटरी बाकीच्यांच्या आधी मान टाकते. गेम सुरू होतो, खेळता येतो, जपला मात्र जात नाही. म्हणून दुकानात नुसता चालू करून बघणं पुरेसं नाही. थोडं खेळून, तो खेळ सेव्ह करून, बंद करून पुन्हा लावायला सांगावं. अशा वेळी आधीच्या मालकाचा अर्धवट खेळ समोर आला तर उत्तम! भावनेचा भाग सोडा, बॅटरी जिवंत असल्याचा तो रोकडा पुरावा असतो. नवी बॅटरी बसवायला डाग द्यावा लागतो, आणि जुनी काढली की तो खेळ पुसला जातो.

नकली मालाचं तर विचारूच नका. गेमबॉय ॲडव्हान्सचे पोकेमॉन गेम जितके लोकप्रिय, तितके खोटे. अस्सल कार्ट्रिजच्या लेबलवर दाबून उमटवलेला पुसट आकडा असतो, उजेडात तिरकं धरलं तरच दिसतो. नकलाकार चित्र हुबेहूब छापतात आणि बहुधा तो आकडा विसरतात. निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलच्या चिमुकल्या कार्डांवर तर कडू रसायनाचा लेप असतो, लहान मुलांनी गिळू नयेत म्हणून. तो अस्सलपणाची खूण म्हणून चाखून बघायला दुकानदार परवानगी देईल असं वाटत नाही.

आता थोडं नव्या मालाबद्दल, नाहीतर अन्याय व्हायचा. नवं कोरं म्हणजे सीलबंद, अशी आपली समजूत असते. ती दुकानात फारशी टिकत नाही. प्लास्टिक चढवायचं यंत्र कुणालाही विकत मिळतं. शिवाय शेल्फवर रिकामी डबी मांडून डिस्क काउंटरमागच्या खणात कागदी पाकिटात ठेवायची, चोरी होऊ नये म्हणून, ही दुकानांची जुनी रीत. शेवटची प्रत उरली की तीच उघडी डिस्क डबीत घालून नव्याच्या भावाने पुढ्यात येते. मी अशा वेळी हसत हसत भाव पाडून मागते. कधी मिळतो, कधी फक्त हसू मिळतं. तिकडे सीलचं कौतुक असं, की जुलै 2021 मध्ये सुपर मारिओ 64 ची एक सीलबंद प्रत लिलावात 15 लाख 60 हजार डॉलरना गेली. ज्याने घेतली त्याला ती उघडायची सोय नाही. गेम आहे, पण खेळला की किंमत गेली. त्यापेक्षा माझी ओरखड्यांची डिस्क परवडली.

दुकानदाराला विचाराल तर तोही मनातून खालच्या फळीच्याच बाजूने असतो. नव्या गेमवर त्याला सुटणारा नफा बेताचा. संसार चालतो वापरलेल्यांवर. म्हणून तर रोख मागितली तर कमी आणि दुसरा गेम घेतला तर जास्त, असा त्याचा हिशेब असतो. आपण आणलेला गेम तो स्कॅन करतो, पडद्याकडे बघतो आणि एक आकडा सांगतो. तो आकडा ऐकून अपमान झाल्यासारखा वाटतो खरा. पण तीच डिस्क त्याला तपासायची, पुसायची, आणि गिऱ्हाईक येईपर्यंत सांभाळायची असते, आणि गिऱ्हाईक येईलच असं नाही. मला त्याचा राग येत नाही. राग येतो तो 'याच्या आमच्याकडे खूप आहेत' या वाक्याचा, कारण ते माझ्या आवडीबद्दल असतं.

गेम काढणाऱ्या कंपन्यांना मात्र हा सगळा व्यवहार खुपतो, कारण दुसऱ्यांदा विकलेल्या डिस्कमधून त्यांच्या पदरात काही पडत नाही. जपानमध्ये प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. गेम हे चित्रपटासारखं आहे, म्हणून त्याच्या पुढच्या विक्रीवरही आमचा हक्क, असा कंपन्यांचा दावा होता. 2002 मध्ये न्यायालयाने पहिला भाग मान्य केला आणि दुसरा फेटाळला: एकदा विकलं की तो हक्क संपला. मग 2010 च्या सुमाराला ऑनलाइन पासची टूम निघाली. नव्या डबीत एक कोड, वापरलेली घेणाऱ्याने ऑनलाइन खेळायला वेगळे पैसे मोजायचे. 2013 मध्ये तर मायक्रोसॉफ्टने आपल्या एक्सबॉक्स वन कन्सोलसाठी वापरलेल्या गेमवर बंधनं घालायचा बेत जाहीर केला. त्याच जूनमध्ये सोनीने अर्ध्या मिनिटाहूनही छोटा व्हिडिओ काढला: प्लेस्टेशनवर गेम दुसऱ्याला कसा द्यायचा? एक माणूस डबी दुसऱ्याच्या हातात देतो. संपलं. आठ-दहा दिवसांत मायक्रोसॉफ्टने बेत गुंडाळला. कंपन्यांच्या भांडणात गिऱ्हाइकाचं भलं झाल्याचे प्रसंग मोजकेच, त्यातला हा एक.

पण जे नियमाने जमलं नाही ते आता आपोआप जमत चाललंय. प्लेस्टेशन 5 प्रोमध्ये डिस्क वाचणारा ड्राइव्ह मुळातच नाही, वेगळा विकत घ्यावा लागतो. 2025 मध्ये आलेल्या स्विच 2 च्या काही गेमच्या कार्डात गेमच नसतो. असते फक्त किल्ली, बाकी सगळं डाउनलोड करायचं. ते कार्ड विकता येतं हे मान्य, पण डाउनलोडचा सर्व्हर चालू आहे तोवरच. आणि काही डबीत तर तेवढंही नसतं, कागदावर कोड छापलेला असतो. तो एकदा वापरला की डबीतली उरलेली हवा कुणाला विकणार?

सर्व्हर बंद पडले की काय होतं हेही खालच्या फळीवरच दिसतं. द क्रू हा 2014 चा गाड्यांचा गेम. सतत इंटरनेट लागायचं. 31 मार्च 2024 ला सर्व्हर बंद झाले आणि डिस्क निव्वळ चकती उरली. कॉन्कॉर्ड हा ऑनलाइन गेम तर 23 ऑगस्ट 2024 ला आला आणि 6 सप्टेंबरला बंदही झाला. घेणाऱ्यांचे पैसे परत केले. अशा डिस्कवर एकही चरा नसतो. मी वर सांगितलेल्या सगळ्या परीक्षा त्या पहिल्या नंबराने पास होतात.

परवा एका दुकानात द क्रू दिसला. मी हातात घेतल्याबरोबर काउंटरवरचा मुलगा घाईने म्हणाला, "तो नका घेऊ, चालत नाही आता."

"मग ठेवलाय कशाला?"

"डबीसाठी नेतात लोक."

किंमतही डबीचीच होती. सुटी डिस्क डबीतल्या डिस्कपेक्षा बरीच स्वस्त पडते, म्हणून माझ्याकडे डबीशिवायच्या डिस्क साठलेल्या आहेतच. त्याने आतली चकती काढून घेऊ का विचारलं. मी म्हटलं, राहू दे, डबी मात्र नीट बंद होते ना ते दाखव.