मोहोर काळवंडतो, तक्ते इंग्रजीत

आज रत्नागिरीजवळ हवामान बदलाच्या एका जनजागृती कार्यक्रमाला गेलो होतो. पडद्यावरचे तक्ते, आलेख सगळे इंग्रजीत. समोर आंबा बागायतदार, तासभर गप्प.

चहाला उठल्यावर मात्र एका काकांनी खिशातून काळवंडलेला मोहोर काढला आणि तळहातावर चुरगळून दाखवला. "पालवी जून झाली, थंडी पडली की मोहोर येतो. आता ऐन डिसेंबरात ढग नि पाऊस. मग तुडतुड्यांची कीड, करपा रोग. त्यातून फळ धरलंच आणि पुन्हा थंडी वाढली, तर त्याच फांदीवर परत मोहोर फुटतो नि आधीची कैरी गळते." इतकं नेमकं त्या तासाभरात कुणीच बोललं नव्हतं!

आयपीसीसी, म्हणजे हवामान बदलाचा आढावा घेणारी संयुक्त राष्ट्रांची समिती. तिच्या अहवालांचे सारांश संयुक्त राष्ट्रांच्या 6 भाषांत निघतात. त्यांत एकही भारतीय भाषा नाही. 2011च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेले 8 कोटींहून जास्त. 2020ला निसर्ग, 2021ला तौक्ते ही चक्रीवादळं सोसलेली ही किनारपट्टी, आणि तिच्याच भविष्याचा अभ्यास तिला वाचता येत नाही. मला याचा खरंच राग येतो. मेघदूत ॲपवर शेतीचा हवामान सल्ला मराठीतून मिळतो, म्हणजे मनावर घेतलं तर जमतं.

आयोजकांशी बोललोय. पुढच्या बैठकीचे तक्ते मराठीत करायचे आहेत आणि आधी बागायतदार बोलतील. हवामानशास्त्र किंवा कृषी शिकलेलं कुणी मदतीला येणार असेल तर इनबॉक्समध्ये कळवा.