दारू-बिरू नाही ना घेत?

दर महिन्याच्या ९ तारखेला आमच्या आरोग्य केंद्रात गरोदर बायांची रांग लागते. वजन, बीपी, लघवी, एचबी म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन. एचबी दहाच्या वर निघाला की मला सण वाटतो, इतकी इथली गत. मग कार्ड हातात घेऊन मी ठरलेल्या सुरात विचारते, "तंबाखूचा खर्रा खाता का?" आणि त्याच दमात, "दारू-बिरू नाही ना घेत?" उत्तर प्रश्नातच भरलेलं. बाई मान हलवते, मी 'नाही' लिहिते.

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी. सरकारी नर्सने दारूचं नाव काढलं की बाईला आधी पोलीस आठवतात. जिची दारू गाळतात ती मोहफुलं मात्र मार्च-एप्रिलमध्ये घरोघरच्या अंगणात वाळत असतात. तिलाही ठाऊक, मलाही.

त्या दिवशी चार माडिया आदिवासी बायांना मी असंच विचारलं. पाचवी नागपूरहून बदलून आलेल्या एका साहेबांची बायको. पाचवा महिना. सोनोग्राफीची फाईल पाहिली, गोळ्या दिल्या, कार्ड परत केलं. ती उठेना.

"सिस्टर, त्या सगळ्यांना दारूचं विचारलंत. मला का नाही?"

"तुम्हाला कशाला, मॅडम..." म्हणाले आणि जीभ चावली.

पर्सची चेन उघडत-मिटत तिने सांगितलं. दिवस गेल्याचं कळायलाच दोन महिने लागले, त्यात घरची दोन लग्नं, पार्ट्या, वाईन. नंतरही एकदा-दोनदा. नवऱ्याशीही बोलली नव्हती. "बाळाला काही झालं असेल का हो?"

खोटा धीर द्यायचा मोह झाला. पण दारू वारेतून बाळापर्यंत जाते, आणि अमुक इतकी चालते असं सुरक्षित माप कुणाजवळ नाही. तेवढंच सांगितलं, आजपासून थांबवलीत तरी बाळाचा फायदाच, हेही. मग तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले.

परतले तर सहावी बाकावर बसलेली. आठवा महिना, वय जेमतेम वीस. आशाताईला म्हटलं, तिच्या भाषेत विचार, लग्नात, पंडुमच्या सणाला मोहाची दारू किती होते? दोघी खुदकन हसल्या. पोरीने दोन्ही तळव्यांचा द्रोण करून दाखवला.

मी पेन उचललं तसं तिचं हसू मावळलं. आशाताई म्हणाली, "लिहू नका म्हणते."

पेनाला टोपण लावलं आणि खुर्ची तिच्याजवळ ओढली. "बरं, नाही लिहीत. शेवटची कधी घेतलीस?"