तुम्ही विचारलंत म्हणून: मिक्सरचा गेन वाढवत का नाही?

गाडीच्या रडारचा रिसीव्हर समजावून सांगताना हा प्रश्न हमखास येतो. लांबच्या गाडीवरून परतणारा सिग्नल इतका क्षीण, मग ७७ गिगाहर्ट्झच्या मिक्सरला (आलेला सिग्नल खालच्या फ्रिक्वेन्सीवर उतरवणारा भाग) आणि त्याआधीच्या एलएनएला (कमी नॉइजचा पहिला अ‍ॅम्प्लिफायर) भरपूर गेन, म्हणजे सिग्नल मोठा करण्याची ताकद, का देत नाही?

कारण मिक्सरला छळते ती लांबची गाडी नव्हे, आपल्याच गाडीचा बंपर. समजा ट्रान्समीटर १२ डीबीएम (१ मिलिवॉटच्या तुलनेत डीबीमध्ये मोजलेली शक्ती) सोडतो आणि बंपरवरून त्याच्या २२ डीबी खाली परत येतं. मग रिसीव्हरच्या तोंडाशी झाले उणे १० डीबीएम, म्हणजे ५० ओहमवर ०.१ व्होल्ट पीक. एलएनएने १५ डीबी गेन दिला की तेच ०.५६ व्होल्ट! चिपचा सप्लाय जेमतेम १ व्होल्टचा. मिक्सर कॉम्प्रेस झाला, म्हणजे मोठ्या सिग्नलने त्याचा गेन दबला, की लांबच्या गाडीचा गेनही त्याच्यासोबत घसरतो.

‘मग फिल्टर लावा की!’ लावतोच, पण मिक्सरनंतर. चर्पचा (रडार सोडतं त्या, फ्रिक्वेन्सी सतत चढत जाणाऱ्या सिग्नलचा) उतार ३० मेगाहर्ट्झ प्रति मायक्रोसेकंद असेल तर मिक्सरच्या आउटपुटला १०० मीटरवरची गाडी २० मेगाहर्ट्झवर दिसते आणि ५ सेंटिमीटरवरचा बंपर १० किलोहर्ट्झवर. मिक्सरच्या आधी मात्र दोघं ७७ गिगाहर्ट्झला एकमेकांना चिकटून असतात, तिथे वेगळे करता येत नाहीत. म्हणून बंपरचा मार मिक्सरलाच खावा लागतो. नंतरचा हायपास (खालच्या फ्रिक्वेन्सी दाबणारा फिल्टर) ३०० किलोहर्ट्झला, दुसऱ्या ऑर्डरचा ठेवावा. अंतर दहापट झालं की परतीची ताकद ४० डीबीने उतरते आणि या फिल्टरचा उतारही फ्रिक्वेन्सीच्या दर दहापटीला ४० डीबी. त्यामुळे दीड मीटरच्या आतली लक्ष्यं जवळपास एका पातळीवर येतात. हा फायदा फुकटचा.

सीएमओएसमध्ये (नेहमीच्या सिलिकॉन चिपचं तंत्र) म्हणूनच पॅसिव्ह मिक्सर (नुसत्या स्विचचा, स्वतः गेन न देणारा) बरा. आदर्श स्थितीतही ३.९ डीबी लॉस आहे, पण स्विचमधून डीसी करंट वाहत नसल्याने फ्लिकर नॉइज (फ्रिक्वेन्सी कमी होईल तसा वाढणारा) बराच कमी राहतो. पुढच्या टीआयएचा (करंटचं व्होल्टेज करणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरचा) इनपुट इम्पीडन्स कमी ठेवला की तिथे व्होल्टेज साचत नाही. सिलिकॉन-जर्मेनियममध्ये बायपोलर ट्रान्झिस्टरचा फ्लिकर मुळातच कमी, तिथे गिल्बर्ट सेल (गेन देणारा अ‍ॅक्टिव्ह मिक्सर) खुशाल वापरा.

खरी डोकेदुखी एलओची, म्हणजे मिक्सरचे स्विच चालवणाऱ्या चिपमधल्या लाटेची. ७७ गिगाहर्ट्झला स्विचपर्यंत चौकोनी लाट पोहोचत नाही, साइनच पोहोचते. तिचा स्विंग कमी पडला की स्विच अर्धवट उघडे राहतात आणि लॉस, नॉइज दोन्ही वाढतात. २७ अंशांना सुरेख चाललेला मिक्सर १२५ अंशांना झोपतो तो बहुधा यामुळे. एलओ स्विचपर्यंत पोहोचवणाऱ्या बफरचा बायस करंट तापमानाबरोबर वाढणारा ठेवावा.

लेआउटमध्ये, ऑक्साइडमध्ये तरंगलांबी साधारण १.९५ मिलिमीटर, म्हणजे ५.४ मायक्रॉनचा फरक झाला की १ अंश फेज गेली. १० पिकोहेन्रीची तार ४.८ ओहम दाखवते. डबल बॅलन्स्ड रचनेत (आरएफ आणि एलओ दोन्ही उलट-सुलट जोड्यांनी येतात अशा मिक्सरमध्ये) एलओच्या दोन तारा एकमेकींना ओलांडतात आणि खालच्या मेटलमधून जाणारी तार असंतुलन आणते. दुसऱ्या तारेलाही तसाच डमी ओलांडा द्यावा, नाहीतर एलओ गळून आरएफकडे (सिग्नल येतो त्या बाजूला) जातो, परत येऊन स्वतःशीच मिसळतो आणि आउटपुटला डीसी ऑफसेट उभा राहतो.

मोजताना नॉइज फिगर (सर्किट स्वतः किती नॉइज घालतं त्याचं माप) डीएसबी (एलओच्या दोन्ही बाजूंचा सिग्नल धरून) की एसएसबी (एकाच बाजूचा धरून) हे आधी ठरवा. तिथेच ३ डीबीचा गोंधळ होतो. आणि ती उणे १० डीबीएमचा बंपरसारखा टोन चालू ठेवूनही मोजा. गेन का आवरता घेतला, ते त्या आकड्यात दिसतं.